गरगरणं थांबलं पण डोलणं थांबेना: साडीच्या दुकानातल्या काकूंची केस

पेशंट बाई, वय ५२, शिवाजी पेठेत घर, महाद्वार रोडवर एका साडीच्या दुकानात पंधरा-वीस वर्षं काउंटरला. शुगर नाही, थायरॉइड नाही, बीपीची एक गोळी चालू आणि बीपी कंट्रोलमध्ये. तक्रार एकच, उभं राहिलं की अंग डोलतं आणि चालताना पाय नीट टेकत नाही, हे रोज, पाच महिने. शिमग्याच्या आसपास त्या माझ्याकडं आल्या तेव्हा गळ्यात कॉलर, हातात जाडजूड फाइल आणि मिस्टरांचा कोपर घट्ट धरलेला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरातच काम करते आणि माझ्याकडं चक्करचे, तोल जाण्याचे पेशंटच जास्त येतात. काकूंना विचारूनच हे लिहितेय, ओळख पटेल असे तपशील तेवढे बदललेत.

ही केस सविस्तर लिहावी वाटली कारण यात एकापाठोपाठ एक असे दोन वेगळे आजार आहेत. पहिला कानाचा, तो आपोआप बरा होऊन गेला. दुसरा त्यातनं उठला आणि मुक्कामाला राहिला, आणि त्याला पाच महिन्यांत कुणी नावच दिलं नाही. एमआरआय नॉर्मल, रक्त नॉर्मल, मग "काही नाही तुम्हाला, टेन्शन घेऊ नका" असं म्हणून घरी पाठवलं की पेशंटला दोन त्रास होतात, एक चक्करचा आणि दुसरा आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही याचा, आणि दुसरा पहिल्याला वाढवतो हे मी रोज बघते.

सुरुवात दिवाळीच्या आधी, दुकानात ऐन सीझन. पहाटे उजव्या कुशीवर वळल्या आणि खोली अशी गरगर फिरली की पलंगाची कड धरून ओरडल्याच, मग उलटी. अर्ध्या मिनिटात फिरणं थांबलं पण दिवसभर मळमळ. घरात सगळ्यांचं एकमत की पित्त, म्हणून मोरावळा, कोकम, एक वेळ लंघन. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाला वरच्या रॅकमधली साडी काढून द्यायला मान वर केली आणि परत तेच, साडीसकट खाली बसल्या. असं मग रोजच, उजवीकडं वळलं की, मान वर केली की, अंथरुणातनं उठलं की. बीपी बघितलं तर ठीक. कुणीतरी मानेचा एक्सरे काढायला सांगितला, त्यात "मणक्यात गॅप" निघाला, मग कॉलर आली, चक्करच्या गोळ्या आल्या आणि "मान हलवायची नाही, वाकायचं नाही, वर बघायचं नाही" अशी यादी आली.

इथं जरा थांबून पहिल्या आजाराचं सांगते. आपल्या आतल्या कानात दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धगोल नळ्या असतात, डोकं कुठं फिरतंय ते त्या मेंदूला कळवतात. त्यांच्या शेजारीच एक पिशवी असते, तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक बारीक कण चिकटलेले असतात. वय झालं की, किंवा डोक्याला मार लागला तर, कधी काहीच कारण नसताना, हे कण सुटतात आणि नळीत घरंगळतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत. मग डोकं ठराविक बाजूला झुकवलं की कण सरकतात, त्यांच्याबरोबर नळीतलं पाणी सरकतं आणि डोकं थांबलेलं असताना कान मेंदूला सांगतो की डोकं फिरतंय. म्हणून ते गरगरणं. याला बीपीपीव्ही म्हणतात, पन्नाशीनंतर आणि बायकांत जास्त दिसतं, आणि याचा झटका साधारण मिनिटाच्या आतच संपतो. याला एक्सरे लागत नाही, एमआरआय लागत नाही, पेशंटला टेबलावर विशिष्ट पद्धतीनं पटकन आडवं करून डोळे बघायचे एवढीच टेस्ट, डिक्स-हॉलपाइक नावाची, १९५२ पासून जगभर चालू असलेली. आणि उपाय म्हणजे डोकं ठराविक क्रमानं फिरवून ते कण परत पिशवीत सोडायचे, एप्ली मॅन्युव्हर. दहा मिनिटांचं काम. काकूंच्या फाइलमध्ये या टेस्टची नोंद कुठंच नव्हती. मानेच्या एक्सरेबद्दल एवढंच म्हणते की पन्नाशी ओलांडलेल्या कुणाच्याही मानेत थोडी झीज दिसतेच, चक्कर न येणाऱ्यांच्याही. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळंच असं होत नाही.

आता पुढचं. हे कण बऱ्याचदा काही आठवड्यांत आपले आपण विरघळतात नाहीतर जागेवर जातात, तसं काकूंचंही झालं असणार, कारण दिवाळी झाल्यावर खोली फिरायची बंद झाली. कॉलरचा गुण आला असं घरच्यांना वाटलं आणि तसं वाटणं साहजिकच आहे. पण तोवर काकू बदलल्या होत्या. तीन उशा लावून बसल्यासारखं झोपायचं, उजव्या कुशीला चुकूनही नाही. मान आणि खांदे मिळून एकदम वळायचे. घरात भिंतीला हात लावून चालायचं. पुढं एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा बघितलं, स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंतच्या बोळात भिंतीला कमरेच्या उंचीवर हाताचा काळपट पट्टा उमटलेला, तेलकट, सलग, फक्त दाराच्या चौकटीपाशी तुटलेला. पाच महिने दिवसातनं कितीतरी वेळा तो हात तिथनं गेलेला.

आणि या सगळ्यात डोलणं सुरू झालं. पहिल्या भेटीत मी नेहमी कधी, किती वेळ आणि कशानं वाढतं हेच विचारते. चक्कर नक्की कशी वाटते याचं वर्णन माणूस दर वेळी वेगळं करतो, पण कधी आणि कशानं हे सहसा बदलत नाही. काकूंचं उत्तर माझ्या वहीत त्यांच्याच शब्दांत आहे: "आता फिरत न्हाई मॅडम. पण मी उभा ऱ्हायलो की कुणीतरी हळूच हलवल्यागत होतंय. पडलो तर एकदा पण न्हाई, पण सारखं वाटतंय आता पडतो." आडवं झालं की जवळजवळ काहीच नाही. बसून भाजी निवडताना ठीक. उभं राहिलं, चाललं की वाढतं. गर्दीत जास्त वाढतं. मोबाइलवर कुणी भराभर रील्स सरकवत असेल आणि शेजारनं नजर पडली तरी पोटात ढवळतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुकान, जिथं चारी बाजूंनी रॅक, रंग, काठ, बुट्टे, वर पंखे, आरसे, आणि समोर गादीवर एकामागून एक साड्या उलगडत जायच्या. दिवाळीनंतर जेमतेम आठवडाभर त्या जाऊ शकल्या, मग सुट्टी टाकली ती टाकलीच. ज्या बाईनं हात लावून कापड ओळखावं तिला आता चौकड्यांच्या साडीकडं बघवत नव्हतं, आणि हे सांगताना त्या पहिल्यांदा रडल्या.

बाकीचे प्रश्न पटापट विचारून घेतले, पण विचारले सगळे. एका कानानं कमी ऐकू येणं, कानात आवाज, कान भरल्यासारखा होऊन तासन्‌तास चक्कर असं काही नाही, म्हणजे मेनिएर नावाचा कानाचा आजार वाटत नव्हता. डोकेदुखी, उजेड-आवाज सहन न होणं नाही, म्हणजे मायग्रेनची चक्कर पण नाही. उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी नाही, झोपून आणि उभं करून तीन मिनिटांपर्यंत बीपी बघितलं, खास फरक नाही. दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, हे मी प्रत्येकाला विचारतेच. अचानक चक्कर आणि त्याबरोबर यातलं काहीही, किंवा आधाराशिवाय उभंच राहता न येणं, किंवा कधी नव्हे असं भयंकर डोकं दुखणं, किंवा एक कान एकाएकी बंद होणं, असं असेल तर फिजिओची अपॉइंटमेंट बघत बसायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात इमर्जन्सीला जायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

मग तपासणी. डिक्स-हॉलपाइक करायचं म्हटल्यावर काकूंनी टेबलाच्या कडा धरल्या. काका म्हणाले, "मॅडम, डॉक्टरांनी मान हलवू नका म्हणून सांगितलंय." दोघांना नीट समजावलं, काकूंना म्हटलं डोळे मिटायचे नाहीत, मी धरलंय, आणि हळूहळू दोन्ही बाजू केल्या. काहीच नाही. डोळे स्थिर. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या सपाट झोपल्या होत्या आणि पहिल्यांदाच उजवीकडं वळल्या होत्या. कण कधीचेच जाग्यावर गेले होते, आणि उशा मात्र तशाच.

नंतर जाड फोमवर उभं केलं, पाय जुळवून. अंग ताठ, पायाची बोटं फोम पकडायला बघतायत, नजर समोरच्या खिळ्यावर, आणि पूर्ण शरीर पुढं-मागं डोलतंय. मी म्हटलं, काकू, तुमच्या दुकानात खालच्या रॅकपासून वरपर्यंत काय काय लावलंय ते सांगा की जरा. त्या म्हणाल्या, "खाली कॉटन सगळं, सहावारी. त्याच्यावर सेमी पैठणी. मग इरकल, मग नारायणपेठ, न्हाई थांबा, नारायणपेठ डाव्या बाजूला गेली औंदा, तिथं आता कांजीवरम..." आणि डोलणं कमी झालं. फोम तोच, पाय तेच. काकांना ते माझ्याही आधी दिसलं. काकूंना सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना, मग मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला, एकदा गप्प उभं राहून आणि एकदा साड्या सांगताना. लक्ष दुसरीकडं गेलं की तोल सुधारतो ही फार महत्त्वाची खूण आहे. याचा अर्थ पेशंट नाटक करतोय असा कुणी काढू नका, अजिबात नाही. याचा अर्थ तोल सांभाळायची यंत्रणा शाबूत आहे, फक्त तिच्यावर सतत पहारा बसलाय आणि तो पहाराच तिला नीट चालू देत नाही.

कानाच्या डॉक्टरांकडं पाठवलं, कारण या निदानावर शिक्का त्यांचाच हवा. ऐकण्याची टेस्ट नॉर्मल. व्हीएनजी पण नॉर्मल, ज्यात कानात गार आणि कोमट पाणी सोडून डोळ्यांची हालचाल मोजतात. (ही पाण्याची युक्ती रॉबर्ट बारानी नावाच्या डॉक्टरांची. कान धुताना पाणी फार गार किंवा फार गरम असलं की पेशंटला चक्कर येते, हे त्यांनी लक्षात घेतलं आणि त्यातनं कानाच्या या भागाची तपासणी उभी केली. १९१४ चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं.) त्यांच्याच नावानं असलेल्या बारानी सोसायटीनं २०१७ मध्ये काकूंच्या आजाराचे निकष छापले, पर्सिस्टंट पोस्चरल परसेप्च्युअल डिझिनेस, थोडक्यात पीपीपीडी. तीन महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस डोलणं किंवा अस्थिर वाटणं, उभं राहिल्यावर, हालचालीनं आणि नजरेसमोरच्या हलत्या किंवा गुंतागुंतीच्या दृश्यांनी वाढणारं, आणि सुरुवात बहुधा कुठल्यातरी खऱ्या चक्करच्या झटक्यानं झालेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत पण हे आता आहे. कानाच्या डॉक्टरांनी निदान पक्कं केलं आणि कॉलर तिथंच काढून ठेवायला लावली.

काका-काकूंना समोर बसवून हे समजावायला मी बराच वेळ घेतला, माझ्या मते निम्मा इलाज तोच आहे. मेंदू तोल तीन ठिकाणच्या बातम्यांवर सांभाळतो, कान, डोळे आणि पाय-सांधे. काकूंच्या कानानं एकदा जबरदस्त खोटी बातमी दिली, तेव्हा मेंदूनं ठरवलं की आता कानावर भरवसा नको, डोळ्यांवर ठेवायचा, आणि अंग ताठ ठेवायचं. त्या आठवड्यात ते बरोबरच होतं. कान सुधारल्यावर हा बंदोबस्त उठायला पाहिजे होता, तो उठला नाही. मी त्यांना म्हटलं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथं पोराटोरांना पण पाठ आहे, पण २०१९ ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं ती माणसं आता तीस फुटाला पण गाद्या माळ्यावर टाकायला लागतात. तुमच्या मेंदूनं इशारा पातळी अशीच खाली आणून ठेवलीय, साडीचा काठ हलला तरी भोंगा वाजतो. काका लगेच म्हणाले, "मग ती परत वर न्यायची म्हणा की." तेच करायचं होतं.

डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवल्यामुळंच दुकान बाधत होतं, कारण तिथं डोळ्यांपुढं सगळं हलतं, चमकतं, आणि त्या हलण्याला मेंदू आपलंच हलणं समजतो. भिंत धरून चालल्यानं, मान न हलवल्यानं, बाहेर न पडल्यानं मेंदूला कानावर परत विश्वास ठेवायची संधीच मिळत नव्हती. आणि गोळ्यांनी पण. प्रोक्लोरपेरॅझिन, सिनारिझिन असली चक्कर दाबणारी औषधं जोरात गरगरत असताना, उलट्या होत असताना दोन-तीन दिवस उपयोगी पडतात, पण महिनोन्‌महिने घेतली तर मेंदूचं जुळवून घेणं लांबतं, झोप येत राहते, आणि वयस्कर माणसांत हात थरथरणं, हालचाली मंदावणं असे पार्किन्सनसारखे त्रास होऊ शकतात. काकूंच्या गोळ्या कानाच्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं बंद केल्या. हे वाचून कुणी आपल्या मनानं बंद करू नका, ज्यांनी दिल्यात त्यांना किंवा दुसऱ्या डॉक्टरांना विचारून करा.

व्यायाम साधेच. बसून, भिंतीवरच्या कालनिर्णयमधल्या मोठ्या तारखेवर नजर ठेवायची आणि मान डावी-उजवी हलवायची, तारीख स्पष्ट दिसली पाहिजे, पुसट झाली तर वेग कमी. सुरुवातीला अर्धं मिनिट, दिवसातनं तीन-चार वेळा. मग वर-खाली. मग उभं राहून. मग चालत चालत. नियम एकच, व्यायामानं चक्कर थोडी वाढलीच पाहिजे, पण पंधरा-वीस मिनिटांत पूर्वपदावर आली पाहिजे. अजिबात वाढली नाही तर व्यायाम सोपा पडतोय, आणि तासभर राहिली तर जास्त झालाय. लोकांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. चक्करवर इलाज करायला आलोय आणि या बाई चक्कर आणायला सांगतायत! पहिले दोन आठवडे काकूंना त्रासच झाला आणि सासूबाईंनी घरात स्पष्ट सांगितलं की हे बंद करा. काकांनी बंद होऊ दिलं नाही, याचं श्रेय त्यांचं.

साड्या कामाला आणायची कल्पना काकूंचीच. मी टीव्हीवर पट्ट्यांचे व्हिडिओ बघायला सांगणार होते, त्या म्हणाल्या टीव्ही कशाला, घरात इरकल आहे की बारीक चौकडीची. मग दोरीवर ती साडी पसरून टांगली, तिच्यावर मधोमध एक अक्षर चिकटवलं आणि त्या अक्षराकडं बघत मान हलवायची. पुढच्या टप्प्यात काका उद्यमनगरातनं शिफ्ट संपवून आले की साडीचं टोक धरून हळूहळू डावीकडं-उजवीकडं सरकवायचे आणि काकू समोर पाय जुळवून उभ्या. पहिल्या दिवशी पाच-सहा सेकंदांत त्यांनी डोळे मिटले. महिन्याभरात त्या अख्खी साडी सरकेपर्यंत उभ्या राहायला लागल्या आणि काकांना "नीट धरा, पदर लोळतोय" म्हणायला लागल्या, तेव्हा मला कळलं की गाडी रुळावर येतेय.

दुसरीकडं घरातल्या सवयी एकेक काढल्या. आधी उशा, आठवड्याला एक. मग काकांचा कोपर, रस्त्यावर धरायचा नाही, काका शेजारनं चालतील पण हात मोकळा. बोळातली भिंत मात्र लवकर सुटेना, हात आपोआप जायचा. तेव्हा काकूंनी स्वतःच तिथं चालताना दोन्ही हातात काहीतरी घ्यायचं ठरवलं, एका हातात तांब्या, एका हातात टॉवेल. बाहेरचं पण पायरी-पायरीनं. आधी पहाटे रंकाळ्याच्या कडेनं, लांबवर बघत. मग कपिलतीर्थ मार्केटला सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत, फक्त कोथिंबीर आणायची. मग तिथंच दहा वाजता. मग शुक्रवार सोडून इतर दिवशी अंबाबाईला, नंतर शुक्रवारी. दुकान शेवटी.

औषधाचं पण सांगते, कारण त्यावरनं घरात मोठा वाद झाला. कानाच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं आणि त्यांनी सर्ट्रालिन, म्हणजे डिप्रेशन-चिंतेवर देतात त्या गटातलं औषध, कमी डोसमध्ये सुरू केलं. "म्हणजे डोक्यावरच परिणाम झाला म्हणायचं" असं नातेवाइकांतनं आलंच. ही गोळी वेडाची नाही, मेंदूतली ती चढलेली सावधगिरी उतरवायला काही जणांना तिची मदत होते. मोठे पक्के अभ्यास अजून कमी आहेत, पण तज्ज्ञ आज वापरतात ती याच गटातली औषधं. झोपेच्या गोळीसारखी सवय लागत नाही, मात्र एकदम बंद करायची नसते, आणि गुण यायला आठवडे लागतात. काकूंना पहिले काही दिवस मळमळ वाढली, मग थांबली. भीतीचं म्हणाल तर ती होतीच. पाच महिने रोज पडायला होतंय असं वाटल्यावर कुणाला भीती वाटणार नाही? भीती हा या आजाराचा भाग आहे, तिला बाजूला ठेवून फक्त कानाचे व्यायाम केले तर गाडी अर्ध्यातच अडकते, हे माझं ठाम मत.

श्रावणापर्यंत काकू दुकानात दोन-दोन तास जायला लागल्या होत्या. मग गणपती. विसर्जनाची मिरवणूक महाद्वार रोडनं जाते, कोल्हापूरकरांना सांगायला नको काय गर्दी, काय आवाज असतो ते, आणि वर ते लेझर आणि फिरते दिवे. दरवर्षीच्या सवयीनं काकू दुकानाच्या माडीवरनं बघायला थांबल्या आणि पंधरा-वीस मिनिटांत खाली बसल्या. पुढचे सात-आठ दिवस परत घरात, परत भिंत. फोनवर आवाज एवढासा झालेला, "सगळं पयल्यासारखं झालं मॅडम". तसं झालं नव्हतं. या आजारात असे दिवस येणारच हे आधी सांगून ठेवावं लागतं, ताप आला, जागरण झालं, घरात काही वाईट घडलं की डोलणं डोकं वर काढतं. आम्ही व्यायाम दोन पायऱ्या खाली आणले, बंद केले नाहीत, आणि दसऱ्यापर्यंत त्या परत दुकानात.

खरी परीक्षा थंडीत झाली. एका पहाटे उजव्या कुशीवर वळल्यावर खोली परत फिरली, अगदी पहिल्यासारखीच. बीपीपीव्ही परत येऊ शकतो, बऱ्याच जणांत येतो, आणि ते काकूंना माहीत होतं. त्यांनी काकांना उठवलं नाही. बसल्या, फिरणं थांबू दिलं, आणि सकाळी फोन केला, "मॅडम, ह्या बारीला कण असणार." त्याच दिवशी बोलावलं. उजवीकडं डिक्स-हॉलपाइक केलं, दोन-तीन सेकंद काही नाही, आणि मग डोळे उडायला लागले, वरच्या दिशेनं झटके आणि त्याबरोबर बुबुळ उजव्या कानाकडं पिळल्यासारखं फिरतंय, वीस-पंचवीस सेकंद, मग शांत. उजवी मागची नळी, शंकाच नाही. तिथल्या तिथं एप्ली केलं, प्रत्येक पोझिशनला थांबत, आणि थोड्या वेळानं परत टेस्ट केली तर डोळे स्थिर. त्यांनी विचारलं, आता किती उशा? एकही नाही. मॅन्युव्हरनंतर उशाला टेकून बसून झोपायची, मान जपायची गरज नसते, अमेरिकेतल्या कानाच्या डॉक्टरांच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये पण हे स्पष्ट लिहिलंय.

त्या रात्री काकू मुद्दाम उजव्या कुशीवर झोपल्या. नंतरचे दोन-तीन दिवस थोडं डोलल्यासारखं होतं, ते कण गेल्यावर अनेकांना होतंच, आणि मग गेलं. झटका तोच आला होता, पण या वेळी कॉलर नव्हती, दाबणाऱ्या गोळ्या नव्हत्या, आणि काय होतंय ते त्यांना माहीत होतं. म्हणून मला वाटतं की पहिल्याच आठवड्यात कुणी ती टेस्ट करून एप्ली केलं असतं आणि आठवड्याभरानं परत बघून "आता सगळं हलवा, फिरा" असं सांगितलं असतं, तर पुढचं वर्ष कदाचित वाचलं असतं. नक्की सांगता येत नाही, पण शक्यता मोठी होती.

आजची स्थिती: काकू रोज अर्धा दिवस दुकानात, सकाळी साडेदहा ते तीन. वरच्या रॅकची साडी स्वतः काढतात. डोलणं पूर्ण गेलेलं नाही, दमल्यावर संध्याकाळी जाणवतं, पण कामात असताना त्याची आठवण होत नाही असं त्या सांगतात. सर्ट्रालिन अजून काही महिने चालू ठेवून मग हळूहळू कमी करायचं डॉक्टरांनी ठरवलंय. मॉलमधला सरकता जिना जमतो, रील्स अजून टाळतात, त्याची घाई नाही. केएमटीच्या बसमध्ये उभं राहून जाणं तेवढं राहिलंय. गंगावेशपासून राजारामपुरीपर्यंत, आधी दुपारच्या रिकाम्या बसनं आणि दांडा एका हातानं धरून, अशी सुरुवात पुढच्या महिन्यात करतोय, म्हणजे लग्नसराईच्या आत काकूंना दुकानात फुल डे करता येईल.